व्याह्यांच्या इंजिनाचा रंग

रंगाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये! भोकरच्या बाजारात माझं रंगाचं दुकान आहे आणि आख्ख्या तालुक्यात माझ्या नजरेचं नाव आहे. गिऱ्हाईक नुसतं म्हणतं, "आमच्या साडूच्या बंगल्याला हाय ना, तसला पाहिजे." मी फक्त साडूचं गाव विचारतो आणि रंग मिसळायच्या मशीनवर डबा चढवतो. गिऱ्हाईक घरी जाऊन भिंतीला रंगाचा हात मारतं, आणि साडू येऊन भांडतो की माझा रंग चोरला म्हणून!

म्हणून माझ्या बहिणीच्या, सिंधुआक्काच्या पुनमचं लग्न ठरलं, तेव्हा मी सगळ्या पाव्हण्यांदेखत जाहीर करून टाकलं, "रुखवत माझ्याकडं! असलं करीन, असलं करीन की मुलाकडची मंडळी जेवायचं विसरतील!"

"ते जेवायचं विसरले तर चालंल," माझी बायको उज्वला म्हणाली, "तुम्ही काही गोंधळ घालू नका म्हंजे झालं."

उज्वलाचा माझ्यावर विश्वास आहे. फक्त तो ती कधी चारचौघांत दाखवत नाही.

रुखवत म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. मुलीकडच्यांनी हौसेनं वस्तू करायच्या, लग्नाच्या हॉलमध्ये टेबलावर मांडायच्या, आणि मुलाकडच्या बायकांनी त्यांना नावं ठेवायची. मला त्याच त्या सुपारीच्या भटजींचा आणि कापसाच्या बाहुल्यांचा कंटाळा आला होता. नवरदेव सत्यम रेल्वेत, विजेच्या इंजिनावर असिस्टंट लोको पायलट. त्याचे वडील नागप्पा हे पण रिटायर झालेले इंजिन ड्रायव्हर. अशा घरात सुपारीचा भटजी घेऊन जायचं? छ्या!

काय न्यायचं हे मला त्यांच्या घरातच सुचलं होतं. आम्ही मुलाचं घर बघायला लातूरकडच्या मुरुडला गेलो होतो. बैठकीच्या खोलीत देवांच्या तसबिरींच्या रांगेत, अगदी देवांच्या बरोबरीनं, एक फोटो टांगलेला. विजेचं एक जुनं पॅसेंजर इंजिन, टपावर तारेला लावायची ती लोखंडी चौकट उभारलेली, आणि त्याच्या अंगावर हात ठेवून उभे तरणेबांड नागप्पा. शेतकरी पोळ्याला बैलाच्या पाठीवर हात ठेवतो ना, तस्सा हात!

"पुण्याहून मुंबईला जाताना घाट लागतो, तिथलं इंजिन हाय ते," सत्यमची आई रुक्मिणबाई म्हणाल्या. "माझ्याआधी ह्या घरात ते आलं. मग मी."

 खांद्यावरच्या टॉवेलानं नागप्पांनी फोटोची काच हळूच पुसली, ते मी बघितलं. झालं! माझं ठरलं. हेच इंजिन रुखवतात! हुबेहूब, प्लायवूडचं, वर तारेची चौकट, आत बल्ब. मांडवात व्याह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे.

सुताराकडून मी ट्रंकेएवढं झकास इंजिन करून घेतलं. दुकानामागच्या खोलीत ठेवलं, ब्रश घेतला, डबा उघडायला गेलो आणि तिथंच थांबलो. फोटो होता काळापांढरा! इंजिनाचा रंग कोणता?

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? मीही तेच म्हणलं. एसटी म्हणलं की लाल, तसं इंजिन म्हणलं की काहीतरी एक असंलच की. मोबाईलवर शोधायला बसलो तर काय सांगू! ती जुनी विजेची इंजिनं, एकाच घाटणीची, एक चॉकलेटी अन् मधून पिवळा पट्टा. दुसरं निळं अन् खाली दुधाळ. तिसरं हिरवं. चौथं डाळिंबी! जसा काळ बदलला, जसा कारखाना बदलला, तसा रंग बदलला. अन् पट्ट्यांची तर तऱ्हाच निराळी. कुणाचा सरळ जातो, कुणाचा तोंडापाशी येऊन मिशीसारखा खाली वळतो! आयुष्यभर रंग विकले, पण इंजिनाच्या रंगात एवढी मौज असंल हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मी गल्ल्यावर बसून मोबाईलमधी इंजिनं बघायचो आणि गिऱ्हाईक समोर ताटकळत उभं. मला जेवण गोड लागेना. कोणता असंल? मिशीवाला का सरळ पट्ट्याचा?

"सरळ व्याह्यांना फोन करून विचारा की!" उज्वला म्हणाली.

"आणि मग रुखवतात मजा काय ऱ्हायली? त्यांना अगोदरच कळालं तर?"

"पुनमला सांगा, ती सत्यमला विचारंल."

"म्हणजे मुरुडात दवंडीच की! न्हाई, ही गोष्ट तुझ्यात अन् माझ्यात. मी गुपचूप माहिती काढतो."

इथं, मंडळी, मी चुकलो. आमच्याकडं लग्न जमवायच्या आधी मुलाची चौकशी करायची पद्धत आहे. दोघं-तिघं जाणती माणसं गुपचूप फिरतात. पोरगा पितो का, जमीन खरंच हाय का, बाप तापट हाय का, सगळं इकडून तिकडून काढतात. त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. पण ती साखरपुड्याआधी! एकदा कुंकू लागलं, साखर वाटली, की मग चौकशी करणं म्हणजे घास गिळल्यावर स्वयंपाकिणीचे हात तपासणं. तो थेट अपमान. हे मला माहीत होतं. पण मी कुठं चौकशी करत होतो? मी रंग शोधत होतो!

पहिल्यांदा गेलो नांदेडला. तिथं उमाशंकर म्हणून रिटायर झालेले गार्ड राहतात, नागप्पांच्या वेळचे. गेलो, नमस्कार केला, चहा आला.

"मुरुडचे नागप्पा ड्रायव्हर तुमच्या ओळखीचे?"

"हाव, वळखतो की. का बरं?"

"काही न्हाई, सहज. तरणेपणी कुठं ड्युटीला होते, संगं कोण कोण असायचं, त्या वेळचा एखादा फोटो असला तर..."

"तुम्ही कोण म्हणायचे?"

"मुलीचा मामा."

उमाशंकरांनी कप खाली ठेवला. "साखरपुडा झालाय म्हणं ना?"

"झालाय की! म्हणून तर घाई हाय. पण मी आल्तो हे कुणाला बोलू नका बरं. नागप्पांच्या तर कानावर अजिबात जाऊ देऊ नका!"

उमाशंकर जरा पुढं सरकले, आवाज बारीक केला. "पाव्हणं, माणूस लई चांगला हाय हो."

"माणसाचं ऱ्हाऊ द्या! त्यांचं इंजिन कोणत्या रंगाचं होतं तेवढं सांगा."

 माणूस पिच्छा सोडवायला बोलतो तसं उमाशंकर म्हणाले, "चॉकलेटी. मधून पिवळा पट्टा." मला वाटलं, वा! किती सोपं काम होतं!

घरी आलो आणि इंजिन चॉकलेटी केलं. पिवळा पट्टा काढला. लई सुरेख दिसत होतं. पण मनात किडा वळवळायला लागला, एकाच माणसाच्या सांगण्यावर कसं जायचं? म्हणून लातूरला गेलो. तिथं शिवशंकर नावाचे जुने फिटर, तेही नागप्पांच्या वेळचे, स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर संध्याकाळी बसतात. त्यांच्यासोबत आणखी दोघं रिटायर.

"चॉकलेटी?" शिवशंकर उखडले. "कोण शहाणा म्हणाला? निळं होतं निळं!"

"निळं कुठलं, हिरवं," दुसरे म्हणाले.

तिसरे म्हणाले, "आधी हे सांगा, मुलीचा मामा आत्ता इचारत कशाला फिरायलाय?"

"ते मला सांगता येत न्हाई," मी म्हणलं. "लग्नात कळंल सगळ्यांना!"

आता बघा, ह्यात माझं काय चुकलं? पण 'लग्नात कळंल' हे ऐकून तिघांचे चहा तसेच राहिले. मी रिक्षात बसायच्या आत तिघांनी मुरुडला तीन फोन लावले, हे मला फार उशिरा कळालं.

मी आपला निळा मारला. दोन दिवसांनी तो पटेना, म्हणून हिरवा मारला. रंगावर रंग चढून इंजिन असं गुबगुबीत झालं की खिडक्या बुजायला आल्या, आणि पुढचा दिवा होता तिथं नुसतं टेंगूळ राहिलं. उज्वला दारात उभी राहून म्हणाली, "आणखी दोन हात मारा, म्हंजे रंगाचा आख्खा डबाच इंजिनावर बसंल."

मग मी निश्चय केला, आता मूळ फोटोच जवळून बघायचा. मोबाईलमधी मोठा करून काळ्यात किती काळं हाय ते बघितलं की मला रंग कळंल. माझी नजर आहे! पुनम बोलता बोलता म्हणाली होती की मुरुडची मंडळी बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला, लातूरला जाणार आहेत. त्याच दिवशी मी मुरुडला. घराला कुलूप. पण देवाची कृपा बघा, बैठकीच्या खोलीची खिडकी उघडी! मी गजातून हात घातला, मोबाईल उंच धरला, एक पाय चौथऱ्यावर, एक पाय तुळशीच्या कठड्यावर.

"कोण हाय रे तिकडं?"

मागं एक बाई. कमरेला पदर खोचलेला, हातात ओली पिळलेली चादर. शेजारच्या दीपमालाबाई.

"मी... मी मुलीचा मामा!" मी म्हणलं. आता हे सांगितल्यावर सगळं मिटायला पाहिजे होतं की नाही?

"मामा हाव तर दारानं या की! खिडकीत काय करायलाव?"

"घरी कुणी न्हाई ना."

"म्हणूनच आलाव का?"

"तसं न्हाई हो! मी फक्त फोटो घ्यायलो होतो."

"घराचे? आतून?" दीपमालाबाईंनी चादर अशी पिळली की माझाच गळा आवळल्यासारखं झालं.

"ताई, मी आल्तो म्हणून तेवढं सांगू नका!" असं म्हणून मी जो निघालो तो फाट्यावर येऊन थांबलो. मोबाईल उघडून फोटो बघितला. काचेवर उजेड पडलेला, त्यामुळं इंजिनाच्या जागी माझंच तोंड आलं होतं, वासलेलं.

ह्यानंतर चार दिवस शांततेत गेले. मग एक दिवस दुकानात एक मध्यम वयाचे गृहस्थ आले. अंगावर चुन्याचा एक ठिपका नाही, नखं स्वच्छ. रंगकाम करणारा माणूस मला लगेच कळतो, हा तो नव्हता. अर्धा लिटर पांढरा ऑइलपेंट मागितला आणि डबा हातात घेऊन तिथंच रेंगाळले.

"तुम्ही इथलेच का?"

"इथलाच."

"हिमायतनगरचे किशनराव कसे हायेत हो माणूस म्हणून? त्यांच्या पोरीचं लग्न ठरलंय म्हणं."

किशनराव म्हणजे आमचे दाजी, सिंधुआक्काचे मालक! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा मुरुडकडचा माणूस! ह्यांना कुणकुण लागली आहे की मामा रुखवतात काहीतरी जंगी करायलाय, म्हणून हेर पाठवलाय! आत खोलीत इंजिन, दार अर्धवट उघडं. मी उठून दाराला पाठ लावून उभा राहिलो.

"कोण किशनराव?" मी म्हणलं.

"तुम्ही वळखत न्हाई?"

"न्हाई बा! ह्या नावाचं कुणीच माझ्या ओळखीचं न्हाई."

"पण बाहेर पाटीवर तुमचंच नाव हाय ना, व्यंकट? मुलीचे मामा..."

"मला बहीणच न्हाई!" मी ठासून सांगितलं.

गृहस्थ डबा तिथंच ठेवून निघून गेले. हेराला कसं परतवलं म्हणून मी उज्वलाला मोठ्या ऐटीत सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. "अहो, सख्खा मामा बहिणीला ओळखत न्हाई म्हणाला, तर ऐकणाऱ्याला काय वाटंल?"

"काय वाटंल?"

त्याचं उत्तर संध्याकाळी पुनमच्या फोननं दिलं. पोरगी रडत होती. लहानपणी गुडघा फुटला तरी न रडलेली पोरगी, हुंदके देऊन रडत होती.

"मामा, तुम्ही काय केलाव? ते लोक लग्न मोडायला उद्या यायलेत! म्हणतेत, साखरपुडा झाल्यावर तुम्ही नांदेड, लातूर, सगळीकडं त्यांची चौकशी केलाव. खिडकीतून घराचे फोटो काढलाव. आन् सत्यमच्या काकाला म्हणे तुम्ही सांगितलं की आई तुमची बहीणच न्हाई!"

"अगं पण ते मी..."

"सत्यम चांगला हाय, मामा. मला पसंत हाय तो." एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

 मी दुकानातल्या स्टुलावर मटकन बसलो. ही पोरगी माझ्या मांडीवर वाढली, आणि तिच्या लग्नात मीच बिब्बा घातला! उज्वलासुद्धा टोमणा मारेना, म्हणजे मामला किती गंभीर होता ते बघा. तिनं मला पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "आता खरं ते सांगायचं. इंजिन घेऊन जावा. ते बघितल्याबिगर कुणी विश्वास ठेवायचं न्हाई."

बरोबर! पण इंजिन कसं दाखवणार? ते हिरव्याचं अर्धवट राहिलेलं, मधून निळा डोकावतोय, खालून चॉकलेटी. असलं भूत घेऊन गेलो तर आणखी मार बसायचा. सकाळी उठून मी ठरवलं, आता होऊ द्या काय व्हायचं ते! डाळिंबी रंग उघडला, वर मलईचा पट्टा, तोंडापाशी मिशी. दोन हात घाईघाईनं मारले. ऑइलपेंट वाळायला अख्खा दिवस लागतो, हे मी रोज गिऱ्हाइकाला बजावून सांगतो. पण दिवस होता कुणाकडं? ओलं इंजिन उघड्या पिकअपमधी मधोमध ठेवलं. झाकायची सोय नाही, कापड चिकटलं असतं. निघालो हिमायतनगरला.

त्या रस्त्याचं काम चालू होतं. पुढं खडीचे डंपर, बाजूला खडी फोडायचं क्रशर, आणि वारा आमच्याकडं. ड्रायव्हरला म्हणलं, "हळू घे, ओला रंग हाय." त्यानं हळू घेतलं. हळू घेतल्यामुळं आम्ही धुळीत आणखी जास्त वेळ राहिलो. मी पुढं बसून सगळा वेळ भाषण जुळवत होतो, मागं बघायचं सुचलंच नाही.

आक्काच्या घरी पोचलो तर बैठक बसलेली. एका बाजूला दाजी, मान खाली, उपरणं हातात पिळतायत. आक्का भिंतीला टेकून. आतल्या दाराच्या फटीत पुनमचा डोळा. समोर नागप्पा, रुक्मिणबाई, खाली मान घालून बसलेला सत्यम. आणि त्यांच्याशेजारी कोण? माझा तो हेर! ते सत्यमचे काका बसवंत.

"आले बघा," बसवंत म्हणाले, "ज्यांना बहीण न्हाई ते!"

आक्कानं माझ्याकडं असं बघितलं की जमिनीनं दुभंगून मला पोटात घ्यावं असं झालं.

नागप्पा शांत बोलत होते, तेच जास्त लागत होतं. "किशनराव, आमच्यात काही खोट दिसली असंल तर तोंडावर सांगायचं होतं. चाळीस माणसांदेखत साखर वाटली आपण. आन् मग माझ्या नोकरीतल्या दोस्तांपाशी जाऊन इचारायचं की मी तरणेपणी कुठं होतो, संगं कोण होतं? आयुष्यभर इज्जतीनं गाडी चालवली मी. एक ठपका न्हाई. आता म्हातारपणी पोराच्या लग्नात माझा तपास?"  रुक्मिणबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

मला लई लाज वाटली. खरं सांगतो, आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. जुळवलेलं भाषण पार विसरलो. मी हात जोडले.

"पाव्हणं, चूक माझी. दाजींची न्हाई, आक्काची न्हाई. मी चौकशी करत नव्हतो. तुमच्या घरातल्या फोटोतल्या इंजिनाचा रंग शोधत होतो."



"रंग?" बसवंत म्हणाले. "इंजिनाचा?"

"हाव. रुखवतात तेच इंजिन ठेवायचं होतं. तुम्हाला मांडवात अचानक दिसावं म्हणून कुणाला बोललो न्हाई."

"आणि त्याच्यासाठी नांदेड, लातूर अन् आमच्या तुळशीवर पाय?"

"फोटो काळापांढरा हो! कळंल कसं?"

"दादा," बसवंत नागप्पांना म्हणाले, "असलं खोटं तर शाळेतलं पोरगंबी बोलायचं न्हाई. चला, उठा."

"थांबा!" मी ओरडलो. "इंजिन बाहेर हाय! आणलंय मी!"

मी आणि ड्रायव्हर धावलो. मागचं फळकूट उघडलं आणि बघतो तर काय! डाळिंबी रंग कुठं, मलई कुठं, मिशी कुठं! क्रशरची सगळी धूळ ओल्या रंगावर बसली होती. चाकापासून टपापर्यंत, बुजलेल्या खिडक्यांसकट, सगळं इंजिन एकसारखं राखाडी. मधी एक ठिपका दिसेना रंगाचा. पण आता परत फिरून काय उपयोग? रडकुंडीला येऊन आम्ही ते तसंच उचललं आणि बैठकीत मधोमध आणून ठेवलं. माझे दोन्ही तळवे डाळिंबी झाले, तेवढाच काय तो रंगाचा पुरावा.

 बसवंतांनी वाकून बघितलं. "हे रंगवलंय?"

आता काय सांगणार? चॉकलेटी, निळं, हिरवं, डाळिंबी, सगळं खाली हाय, वरून तेवढी धूळ, असं?

तेवढ्यात नागप्पा उठले. हळूहळू इंजिनापाशी आले. एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं. गुडघ्यावर बसले. 

"हेच," ते म्हणाले. "असंच होतं!"

"काय असंच होतं?" मी म्हणलं.

"रंग! अहो मामा, हे तुम्हाला कुणी सांगितलं? हे तर उमाशंकरला ठाव न्हाई, शिवशंकरला ठाव न्हाई. सत्यमला मी कधी बोललो न्हाई." त्यांचे डोळे भरून आले. "कारखान्यातून इंजिन दुरुस्त होऊन ट्रायलला काढलं होतं. त्या दिवशी साहेबानं पहिल्यांदा हँडल माझ्या हातात दिलं. इतके दिवस मी असिस्टंट. त्या दिवशी ड्रायव्हर झालो! त्याच दिवशीचा फोटो हाय तो. आन् इंजिनाला त्या दिवशी रंगच नव्हता दिलेला. नुसता राखाडी प्रायमर मारलेला होता."

मी त्या इंजिनाकडं बघितलं. मग नागप्पांकडं बघितलं.

"म्हंजे... फोटोत जसं दिसतं तसंच होतं?"

"मग? फोटो काय खोटं बोलतोय?"

दुकानात दाराशी प्रायमरच्या डब्यांची उतरंड आहे माझ्या. त्या डब्यांना पाठ टेकून मी इंजिनाचा रंग शोधत होतो!

"पण नंतर?" माझ्यानं राहवेना. "प्रायमरनंतर कोणता रंग दिला? सरळ पट्टा होता का मिशीवाला?"

"कुणाला ठाव!" नागप्पा डोळे पुसून हसले. "आम्ही आत बसणार. आम्ही सिग्नलचा रंग बघायचो, इंजिनाचा कोण बघतंय?"

"हे बघा, पुन्हा चौकशी सुरू झाली!" बसवंत म्हणाले आणि पहिल्यांदा ते स्वतःच हसले. मग दाजी हसले, आक्का हसता हसता रडली, आतल्या दारामागून बांगड्या वाजल्या, आणि सत्यमची मान एकदाची वर आली. रुक्मिणबाईंनी पदराच्या टोकानं इंजिनावरची धूळ पुसायला हात पुढं केला, तर नागप्पा केवढ्यानं ओरडले, "हात लावू नको! असंच ऱ्हाऊ दे! रुखवतात असंच ठेवायचं. मामा, ह्याच्यावर आता एक थेंब रंग लावायचा न्हाई, माझी शपथ हाय तुम्हाला."

शपथ घातली म्हणल्यावर माझा नाइलाज झाला. लग्न थाटात झालं. पुनम आणि सत्यम इतके खूश दिसत होते की मी तीन वेळा नाक शिंकरायच्या निमित्तानं डोळे पुसले. हॉलमध्ये रुखवताच्या टेबलावर मधोमध ते इंजिन. आत बल्ब लावला होता, पण खिडक्या बुजल्यामुळं उजेड काही बाहेर पडेना. नागप्पा तिथंच खुर्ची टाकून राखणीला बसले होते.

मुलाकडच्या बायका रांगेनं आल्या. मी जरा बाजूला, नवा सदरा घालून, कान टवकारून उभा होतो. आता कौतुक होणार! पहिलीनं इंजिनावर बोट फिरवलं, बोट बघितलं, पदराला पुसलं. मग दुसरीच्या कानाशी लागून, पण मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "इंजिन चांगलं केलंय. पण बघ की गं, मामाचं एवढं रंगाचं दुकान, आन् भाचीच्या रुखवताला एक हात रंगाचा द्यायला जड गेला!"